दात न बघता

बस. आधी पाणी पी. आणि तो कागद इकडे दे.

सर्व्हरची तीन कोटेशनं, तीन रकाने. प्रोसेसर, कोर, रॅम, डिस्क, किंमत. खालच्या ओळीत सगळ्यांत लहान आकड्याभोवती हिरव्या पेनानं गोल. वर ठळक अक्षरांत ‘तुलनात्मक तक्ता’. आणि वाळूजच्या त्या वर्कशॉपवाल्यांना तू सांगूनही मोकळा झालास, की सोमवारी ऑर्डर देऊन टाका. अरे, याला भावपट्टी म्हणतात. तुलना तू अजून सुरूच केलेली नाहीस, आणि दुसऱ्याच्या लाखो रुपयांवर गोल मारून बसलास.

मध्ये बोलू नकोस. माझं झालं की बोल.

तुझे वडील पडेगावाहून गुरुवारी छावणीच्या बाजारात यायचे. मी त्यांना तिथं बैल घेताना पाहिलंय. एकदा भाजी घ्यायला म्हणून गेले आणि अर्धा तास त्यांच्याकडंच बघत उभी राहिले. त्यांनी बैलाचा ओठ वर करून आधी दात बघितले. चार दाती आहे, सहा दाती आहे की जुळलाय. मग खूर उचलून बघितला. वशिंडावरून, खांद्यावरून हात फिरवला, जू घासून गाठ आलीय का ते चाचपलं. मग बैल चालवायला लावला, बसवला, उठवला. घरून निघतानाच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, रान किती आणि माती काळी की मुरमाड. हे सगळं झाल्यावर रुमालाखाली व्यापाऱ्याच्या हातात हात गेला आणि बोटांवर भाव सुरू झाला. भाव सगळ्यांत शेवटी. त्या माणसाच्या घरात वाढलास तू, आणि तू सुरुवातच रुमालाखालून केलीस.

दात कुठं बघायचे, तेही वर्गात शिकवलं होतं. तुझ्या पहिल्या कोटेशनात काय लिहिलंय? इंटेल झिऑन सिल्व्हर ४२१०, दोन नग. दुसऱ्यात? सिल्व्हर ४४१०वाय, एक नग. तू काय बघितलंस? पहिल्यात २.२ गिगाहर्ट्झ आहे, दुसऱ्यात २.०. पहिल्यात दोन्ही मिळून २० कोर, दुसऱ्यात १२. म्हणजे पहिला दणकट आणि वर स्वस्तही. झाला हिशेब! त्या नंबरातला दुसरा आकडा म्हणजे बैलाचा दात. ४२१० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, २०१९ सालची. ४४१० मधला ४ म्हणजे चौथी पिढी, २०२३ ची. मध्ये चार वर्षं गेली. जुन्याची मेमरी डीडीआर ४, सहा चॅनेलची, २४०० वेगाची. नव्याची डीडीआर ५, आठ चॅनेलची, ४००० वेगाची. पिढी बदलली की एका ठोक्यात होणारं काम बदलतं, म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी मांडून काहीही कळत नाही. हे मोजण्यासाठीच स्पेक ही संस्था १९८८ पासून आहे. कंपन्या आपापल्या सर्व्हरचे आकडे तिच्याकडे देतात आणि ते कुणालाही फुकट बघता येतात. त्यात एकेका कोरचा वेग वेगळा असतो आणि सगळ्या कोरांचा एकत्र रेटा वेगळा असतो. हिशेबाच्या, बिलाच्या कामात बहुतेक वेळा एकेका कोरचा वेगच आधी जाणवतो, कारण बटण दाबून बसलेला माणूस एकाच कामाची वाट बघत असतो. हे दोन्ही आकडे तुझ्या तक्त्यात हवे होते.

आणि २०१९ चा प्रोसेसर आज नव्या मशीनच्या नावाखाली कोण विकतं, हा प्रश्न तुला पडलाच नाही? हे पडून राहिलेलं मशीन आहे की कुठून काढून आणलेलं? विचारलंस? सिरीयल नंबर मागितलास? सिरीयल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकला की डेल, एचपीई, लेनोव्हो तिघांच्याही साइटवर वॉरंटी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपते ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. पहिल्या कोटेशनात बारीक अक्षरांत ‘एक वर्ष, विक्रेत्याकडून’ असं लिहिलंय, दुसऱ्यात ‘तीन वर्षं, कंपनीकडून, जागेवर’. तुझ्या तक्त्यात दोन्हीकडे नुसतं ‘वॉरंटी : आहे’. हा निष्काळजीपणा नाही तर काय आहे?

आता मुळाशी ये. हे मशीन तिथं काय काम करणार आहे?

‘साधारण तीस जण वापरतात मॅडम.’ साधारण! तिथं दुचाकीचे सुटे भाग बनतात. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, तेव्हापासून त्या पट्ट्यात अशी कितीतरी वर्कशॉपं उभी राहिली. त्यांचं काम तासाच्या हिशेबानं चालतं. चलन निघालं नाही तर गाडी गेटवर उभी राहते. तू तिथं केव्हा गेलास? दुपारी तीनला. अर्धे लोक जेवून सुस्तावलेले, एकीकडं चहा चाललेला. टास्क मॅनेजर उघडून बघितलंस, प्रोसेसर १५ टक्के. लिहून आणलंस. सकाळी दहाला, सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा का गेला नाहीस? महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा असतो, २० तारखेला ३बी. त्याच्या आदल्या दिवशी का गेला नाहीस? जुनं मशीन जिवंत आहे तोवर तेच सगळ्यांत खरा साक्षीदार आहे. पर्फॉर्मन्स मॉनिटर एक आठवडा चालू ठेवायचा. रॅम किती भरते, डिस्कपुढं रांग किती लागते, रोज किती जीबी लिहिलं जातं, वर्षभरात डेटा किती वाढला. हे चार आकडे हातात नसतील तर कोटेशन मागवायचंच नाही. विक्रेत्याला काय हवं ते सांगता आलं नाही, की तो त्याच्याकडं जे पडलंय ते देतो.

रॅमबद्दल तर मला बोलायलाच नको वाटतं. ‘१२८ जीबी.’ कशी? ६४ च्या दोन पट्ट्या की १६ च्या आठ? आठ चॅनेलच्या प्रोसेसरला दोन पट्ट्या लावल्यास तर आठ दरवाजांपैकी सहा बंद ठेवलेस. आणि दोन प्रोसेसरच्या बोर्डवर एकच प्रोसेसर बसवला, तर मेमरीच्या निम्म्या खाचा मेलेल्या असतात, काही कार्डांच्याही. दुसऱ्या कोटेशनातल्या मशीनबद्दल हे मालकाला सांगावं लागेल, म्हणजे पुढच्या वर्षी मेमरी वाढवताना त्याला धक्का बसणार नाही. सांगितलंस?

लायसन्सची ओळ तुझ्या कागदावर नाहीच. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोरांवर मोजतात. मशीनमधले सगळे कोर मोजायचे, आणि कमी असले तरी किमान सोळांचे पैसे भरायचे. म्हणजे पहिल्या मशीनला २० कोरांचं लागेल, दुसऱ्याला १२ असूनही १६ चं. त्या पैशात स्टँडर्ड आवृत्तीवर दोनच व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. तिसरं हवं असेल तर पुन्हा सगळे कोर मोजायचे. वर तीस जणांची तीस कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायची लायसन्सं, वेगळी. डेटाबेसही कोरांवर मोजलेला असेल, तर जास्तीचा प्रत्येक कोर दोनदा पैसे खातो. तू जास्त कोर बघून खूश झालास, आणि त्या खुशीचं बिल मालकाकडं जाणार.

डिस्क. इथं नीट ऐक, कारण इथं मी स्वतः पोळले आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत मी मशीन बसवून दिलं होतं. चार डिस्क, रेड ५. एक गेली तरी काम चालू राहतं, हे मीच त्यांना अभिमानानं सांगितलं होतं. मशीन कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडं. एका डिस्कवर नारिंगी दिवा लागला. काम चालूच होतं, त्यामुळं कुणी कपाट उघडलं नाही. मेलवर इशारा जाईल अशी सोय मी करून ठेवली नव्हती. तीन महिन्यांनी एका शनिवारी रात्री दुसरी डिस्क गेली आणि सगळंच गेलं. बॅकअप होता, पण त्याच मशीनच्या दुसऱ्या कप्प्यात. सोमवारी सकाळी एक आजी आल्या. पदराच्या गाठीतून पासबुक काढलं, काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘बाई, माझे पैसे आहेत ना?’ पैसे होते. पण ते सिद्ध करायला अकरा दिवस कागदी स्लिपा बघून सगळी खाती पुन्हा भरली. मी रोज तिथं जाऊन बसत होते. त्या आजींचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि तुलाही तसा चेहरा बघावा लागू नये म्हणून आज एवढी चिडले आहे.

आता तुझ्या गोल मारलेल्या कोटेशनात बघ. ४ टीबीच्या चार डिस्क, ७२०० वेगाच्या, रेड ५. तू लिहिलंस ‘१२ टीबी मिळतात, रेड १० मध्ये आठच’. जागा मोजलीस फक्त. त्यांचा सगळा डेटा किती? तूच लिहिलंय, ७०० जीबी. तिथं १२ टीबी घालून काय करणार? त्यांना वेग हवा. फिरती डिस्क सेकंदाला इकडचं-तिकडचं असं ऐंशीएक कामं करते. रेड ५ मध्ये एक छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, मग नवा डेटा लिहायचा, नवी पॅरिटी लिहायची. एका कामाची चार कामं. म्हणजे चार डिस्क मिळूनही लिहिण्याचा वेग एका डिस्कएवढाच. तीस जण एकदम बिलं करायला बसले की हीच रांग लागणार, आणि प्रोसेसर १५ टक्क्यांवर बसून वाट बघणार. दुपारी तुला १५ टक्के का दिसलं, त्याचं एक कारण हेही असू शकतं. डिस्कचा आलेख उघडून बघितला होतास का?

अशा कामाला सर्व्हरच्या दर्जाच्या एसएसडी, रेड १ किंवा १० मध्ये. त्यातही दिवसाला पूर्ण डिस्क किती वेळा लिहून काढता येईल ते छापलेलं असतं. एकदा म्हणजे वाचनाच्या कामाची, तीनदा म्हणजे मिश्र कामाची. ९६० जीबीची एकवाली डिस्क पाच वर्षांत १,७५२ टीबी लिखाण झेलते. यांचं रोजचं लिखाण तू मोजलंच नाहीस, म्हणून कोणती हवी ते तुला सांगता येत नाही. वीज गेली तर डिस्कच्या पोटातलं लिखाण वाचवणारा कपॅसिटर तिच्यात आहे का? रेड कार्डाला स्वतःची कॅश आणि तिला बॅटरीचा किंवा फ्लॅशचा आधार आहे का? की नुसतं बोर्डावरचं सॉफ्टवेअर रेड आहे? कोटेशनात ‘रेड सपोर्टेड’ एवढे दोनच शब्द आहेत. त्या दोन शब्दांत हजारोंचा फरक लपतो.

आणि बॅकअप. ते प्रायव्हेट लिमिटेड आहेत ना? मग हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असल्या, तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा, असा नियम २०२२ पासून आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद चालू ठेवणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. त्या नोंदींनाही जागा लागते. तुझ्या तक्त्यात बॅकअपची ओळ कुठाय?

ती वर्कशॉपची रॅक तू मोजलीस का? फोटो आणलायस, त्यात मला दिसतंय. भिंतीला टांगलेली पेटी आहे ती, नेटवर्कच्या स्विचसाठी. रुंदी १९ इंचच, त्यामुळं तुला वाटलं बसेल. एक यू म्हणजे १.७५ इंच, दोन यू म्हणजे साडेतीन, उंची तू बरोबर मोजलीस. खोली? अशा टांगत्या पेट्या ४५०-६०० मिलिमीटर खोल असतात, आणि २यूचा सर्व्हर ७०० च्या पुढं जातो. दार लागणार नाहीच, मशीन अर्धं बाहेर लोंबेल. भरलेलं २यू मशीन तीसएक किलोचं. विटांच्या भिंतीवर, चार बोल्टांवर, खाली माणूस बसलेला. त्या माणसाचा विचार केलास? मशीन बसवायच्या रेल कोटेशनात आहेत का तेही बघ. तिन्हीत नाहीत. बसवायच्या दिवशी सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहतील.

आणि रॅकवाल्या कुणीही तुला सांगितलं नाही, ते मी सांगते. तिथं एकच मशीन लागणार आहे. वेगळी सर्व्हर रूम नाही. मग रॅकच का? त्याच कंपन्यांची टॉवर मशीन येतात, तीच मेमरी, तशीच डिस्क, मोठा पंखा, कमी आवाज, टेबलाखाली बसणारी. एक यूच्या मशीनमध्ये चाळीस मिलिमीटरचे पंखे मिनिटाला हजारो फेरे घेत किंचाळत असतात, अकाउंट्सच्या बाई त्याच्या शेजारी आठ तास बसणार आहेत. तुझ्या तक्त्यात चौथा रकाना टॉवरचा हवा होता. तो नाही, कारण विक्रेत्यानं तो दिला नाही आणि तू मागितला नाहीस. उद्या तीन मशीन होणार असतील तर रॅक घ्या, चांगली १,००० मिलिमीटरची, जमिनीवर उभी. पण आधी विचार तरी.

मे महिन्यात इथं बाहेर पारा चाळीसच्या वर असतो. बहुतेक मशीनना आत शिरणारी हवा ३५ अंशांपर्यंत चालते, आणि १८ ते २७ मध्ये ठेवा अशी शिफारस असते. रात्री ऑफिसचा एसी बंद करून लोक घरी जातात. मशीनला घर नाही, ते रात्रभर तिथंच असतं. वर्कशॉपची तेलकट काळी धूळ पंख्यांवर बसते, हे तर तू स्वतः बोटानं पुसून बघायला हवं होतंस. विजेचा हिशेब कर. ३५० वॅट सतत म्हणजे वर्षाला ३,०६६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ३०,६६०, पाच वर्षांत दीड लाखाच्या वर, एसी वेगळा. जुनं दोन प्रोसेसरचं मशीन आणि नवं एका प्रोसेसरचं, यांच्यात शंभर वॅटचा फरक पडला तरी तुझ्या हिरव्या गोलातली बचत किती उरते ते मांडून दाखव मला. पॉवर सप्लाय दोन आहेत, ‘रिडंडंट’ म्हणून तू टिक केलीस. दोन्ही एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत घालणार असाल तर दोन कशाला? अर्थिंग तपासलंस?

इकडं ये, हे बघ. हे माझं जुनं मशीन, झाकण काढलंय. ही लालसर खिट्टी दिसते? या रंगाचा भाग चालू मशीनमधून काढता येतो. डिस्क, पॉवर सप्लाय. ही निळी? निळ्या खुणेला हात लावायचा तर आधी मशीन बंद करायचं. डेल, एचपीई, लेनोव्हो, थोड्या फरकानं तिघांची हीच रीत आहे. आता सांग, तुझ्या तिन्ही मशीनमध्ये पंखे कोणत्या रंगाचे आहेत? म्हणजे पंखा गेला तर कारखाना थांबणार की नाही? माहीत नाही. कारण तू एकही मशीन उघडून बघितलं नाहीस.

कंपन्यांची तुलना करायची तर अशा ठिकाणी कर. आतला प्रोसेसर तिघांकडेही इंटेलचा किंवा एएमडीचाच असतो. फरक दुरून सांभाळण्यात पडतो. डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ, लेनोव्होचं एक्सक्लॅरिटी. विंडोज बंद पडली, तरी घरून मशीनचा पडदा बघायची सोय तिघांकडे आहे, पण ती पूर्ण मिळायला बऱ्याचदा वरचं लायसन्स लागतं. ते कोटेशनात आहे का? नसेल तर रविवारी रात्री तुला गाडी काढून वाळूजला जावं लागेल. ‘नेक्स्ट बिझनेस डे’ म्हणजे शनिवारी मेलेल्या मशीनला सोमवारच्या आधी माणूस येणार नाही, हे मालकाला कळेल अशा मराठीत सांगितलंस का? सुटा भाग इथं गावात ठेवलाय की पुण्याहून येणार, हे लिहून घेतलंस का?

मान खाली घालू नकोस. तू वर्गातला सगळ्यांत नीट हात असलेला मुलगा होतास, सोल्डरिंग तुझ्याइतकं स्वच्छ कुणाचं नव्हतं. म्हणूनच हा कागद बघून मला वाईट वाटलं. दुसऱ्या कुणी आणला असता तर मी परत पाठवला असता, एवढं बोलले नसते.

ही घे, पाच मीटरची टेप. परवा सकाळी पावणेदहाला तिथं पोच, दहाला नको, पावणेदहाला. सगळे लॉगिन करताना उभा राहून बघ. मॉनिटर लाव, पुढच्या २० तारखेपर्यंत चालू राहू दे. मग नवा तक्ता, किमतीची ओळ सगळ्यांत खाली.

पण त्याआधी एक काम. फोन काढ. मालकांना लाव, आत्ता, माझ्यासमोर. सोमवारची ऑर्डर थांबवा म्हणून सांग, चूक माझी आहे असंही सांग. स्पीकरवर ठेव.